मिठागरावरच्या बायका

बाळकुमात जोविटा टीचर समोरून येताना दिसली की चाळिशी ओलांडलेले बाप्येसुद्धा हातातली सिगारेट पाठीमागे नेतात. कोपरीच्या शाळेत तिने जन्मभर चित्रकला शिकवली. निसर्गचित्र म्हणून कुणी दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध सूर्य आणि वळणावळणाची नदी काढून आणली, की ती कागद उलटा करून त्याच्याच हातात द्यायची.

"राहतोस कुठे?"

"कोपरीला, टीचर."

"मग हे डोंगर कुठून आणलेस? घरच्या खिडकीतून दिसतं ते काढ."

मुलं कुरकुरायची आणि पाण्याची टाकी, केबलच्या वायरी, समोरच्या गॅलरीतलं धुणं काढायची. त्यातलाच एक सौमित्र. त्याचा हात बरा होता. इंटरमिजिएटच्या परीक्षेला त्याला ए ग्रेड मिळाली तेव्हा जोविटाने सगळ्या वर्गाला खाऊ वाटला होता.

तिने लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर ती, म्हातारी आई स्टेला आणि फ्रिज-एसी दुरुस्त करणारा धाकटा भाऊ टोनी अशी तिघं बाळकुमातल्या जुन्या घरात राहत होती. घरामागे खाडीपर्यंत पूर्वी मिठागर होतं. स्टेलाने ऐन तारुण्य तिथे मीठ वाहण्यात घालवलं. आता तिथे भराव घालून मोठमोठे टॉवर उभे आहेत. त्यांतल्याच एका सोसायटीचा सेक्रेटरी झाला सौमित्र.

एका रविवारी तो मिठाई घेऊन घरी आला.

"टीचर, आमच्या क्लबहाऊसची एक मोठी भिंत रिकामी आहे. तिच्यावर जुन्या बाळकुमचं चित्र हवंय. इथे आधी काय होतं ते लोकांना कळू दे ना. तुमच्याशिवाय कोण काढणार?"

जोविटाला फार बरं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची चित्रं तपासण्यात गेली होती. तिने मोठा कॅनव्हास ताणून घेतला, तेलरंग आणले आणि अख्खा उन्हाळा त्या चित्राला दिला. भर दुपारचं मिठागर. डोळे दिपवणारं पांढरं ऊन, त्यात डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन वाकून चाललेल्या बायकांची रांग. पाट्यांच्या सावलीत तोंडं काळीकुट्ट, कुणाचंच दिसत नाही. आणि अगदी पुढे, बघणाऱ्याच्या नाकासमोर, मिठाने चिरफाळलेले दोन पाय. ते पाय तिने लहानपणी रोज संध्याकाळी खोबरेल चोळून चोळून पाठ केले होते.

चित्र बघायला सौमित्र आला तो इंटिरियरवाल्या मैथिलीला घेऊन. मैथिली दोन पावलं मागे सरकली.

"खूप स्ट्राँग आहे, मॅडम. पण जरा हेवी होतंय. तिथे लोक पोहायला, रिलॅक्स व्हायला येणार ना. हेच वॉटरकलरमध्ये, सॉफ्ट असं, नाही का होणार?"

करून तर बघू, असं जोविटाने ठरवलं. कागद भिजवला, रंग सोडला. मीठ विरघळून त्याचं धुकं झालं. दुपारची पहाट झाली. बायकांचे नुसते निळेजांभळे फराटे उरले, त्यांच्या डोक्यावर मीठ आहे की फुलं ते कळेना. सौमित्रला बोलावून तिने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली.

"बघ. जागा तीच, बायका त्याच. पण यात ऊन नाही. ऊन गेल्याबरोबर मिठागराचं तळं झालं की नाही? बायका मजुरीला आल्यात असं वाटतं का? फिरायला आल्यासारख्या दिसतात."

"पण किती शांत वाटतंय, टीचर," सौमित्र म्हणाला.

तिने ते वॉटरकलरचं चित्र उलटं करून ठेवलं. "हे मिळणार नाही. तेलरंगातलं हवं तर न्या, नाहीतर राहू दे."

कमिटीला दाखवतो म्हणून त्याने तेलचित्राचे फोटो काढले आणि गेला. नंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग एकदम आमंत्रणच आलं. चित्राचं अनावरण आहे, प्रमुख पाहुण्या जोविटा टीचर. पण मूळ चित्र तर घरात भिंतीला टेकून उभं होतं. टोनी म्हणाला, फोटोवरून मोठी प्रिंट काढली असेल. तिला ते पटलं. आईला ठेवणीतलं लुगडं नेसवून, हात धरून ती टोनीबरोबर क्लबहाऊसमध्ये गेली.

पडदा बाजूला झाला. टाळ्या वाजल्या. गेरूच्या रंगाची भिंत आणि तिच्यावर पांढऱ्या काड्यांची माणसं. पाट्यांची रांग वळून वळून गोल झाली होती. बायका कमरेत हात गुंफून फेर धरून नाचत होत्या आणि मध्ये एक बाप्या तारपा वाजवत होता. मिठाच्या राशींचे त्रिकोणी डोंगर झाले होते. त्यांच्यामधून सूर्यही उगवला होता. खाली पितळी पाटी होती, 'मूळ चित्र: जोविटा टीचर, बाळकुम'.

तिला आधी वाटलं, भलतंच काहीतरी लागलंय. तिने मैथिलीला हळूच विचारलं, "हे काय आहे?"

"तुमचंच आहे, मॅडम. फोटो कॉम्प्युटरवर टाकला आणि वारली स्टाइल दिली. आधी दोन-तीन वेगळ्या करून पाहिल्या, पण कमिटीला हीच आवडली. एथनिक आणि हॅपी."

सौमित्रने तिच्या हातात माइक दिला. दोन शब्द बोला, टीचर.

"या बायका नाचत नव्हत्या," जोविटा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण वर्गात तो असा खाली आला की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. "मीठ वाहत होत्या. तुमची गाडी जिथे उभी आहे तिथे. तुम्ही त्यांच्या डोक्यावरची पाटी काढून घेतलीत आणि त्यांना नाचायला लावलंत. वारली लोक लग्नाला आपल्या घराच्या भिंतीवर चौक लिहितात, पूजेचं चित्र. तो त्यांचा देव आहे, तुमचा वॉलपेपर नाही. आणि आम्ही वारली नाही. त्यांना आणि आम्हाला, दोघांनाही तुम्ही एका रंगात बुडवून मोकळे झालात."

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. सौमित्र लालबुंद झाला. "टीचर, फक्त स्टाइल बदललीय. सीन तर तोच आहे ना."

"तोच आहे? मी तुला हे शिकवलं? काढायची रीत बदलली की गोष्ट बदलते, सौमित्र. माझ्या चित्रात कष्ट होते. यात सण आहे. कष्ट बघून तुमच्या लोकांना पोहताना कसंतरी होईल, म्हणून तुम्ही सण लावलात. लावा. पण माझ्या नावाने नाही. ती पाटी काढ."

"उद्या काढतो, टीचर. आत्ता सगळे बसलेत."

"आत्ता."

कुणी हलेना. तेव्हा तिने टोनीकडे हात केला. त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतोच. सगळ्यांच्या देखत, एक गुडघा टेकून, जोविटाने पाटीचे स्क्रू काढले, पाटी पर्समध्ये टाकली आणि आईचा हात धरून बाहेर पडली.

रस्त्यात ती धुमसतच होती. "काय हिंमत यांची. एकदा विचारायचं तरी."

स्टेला म्हणाली, "मना तं बरा वाटला ता चित्र."

जोविटा जागच्या जागी थांबली. "आई, तू काय बोलतेस?"

"ऱ्हव दे गो. त्या चित्रान कोनाची मान दुखत नाय." म्हातारी चालतच राहिली. "तुज्या चित्रान माजे पाय हायेत. ते फुटलेले पाय सगल्या गावाला दाखवाला तुना कोनी सांगितला? आनि तोंड कोनाचाच नाय. काला काला नुसता. आमी काय मेल्यावानी जात व्हतो? आमची मार्था मुकादमाची नक्कल कराची तं हसून हसून पाटी पराची खाली."

"ते वेगळं. पण त्यांनी तुला विचारायला नको होतं?"

"तू तरी कवा विचारलास?"

घरी जाऊन जोविटाने तेलचित्र पुष्कळ वेळ पाहिलं. आईची दया यावी म्हणून सावल्या काळ्या केल्या होत्या, हे तिला आता दिसलं. दया आली होती, पण त्या नादात आई राहून गेली होती. ती चडफडली. स्वतःवर, आईवर, आणि पुन्हा फिरून सौमित्रवर, कारण एवढं असलं तरी त्याचा गुन्हा काही कमी होत नव्हता.

आठवडाभराने सौमित्र आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "लोकांना चित्र आवडलंय, टीचर. मुलं फोटो काढतात. काढून टाकता येणार नाही. तुमची पाटी परत लावली तर..."

"कुणाची पाटी लावायची ते सांगू? एका तरी वारली माणसाला बोलावलंस का भिंत रंगवायला? बोलव. त्याला हवं ते त्याला काढू दे आणि त्याचं नाव लाव. तोवर माझं नाव मागायला येऊ नकोस."

तो तसाच निघून गेला. ती भिंत अजून तशीच आहे, बिननावाची. सौमित्र रस्त्यात दिसला तर मान खाली घालतो आणि जोविटा त्याच्याकडे टक लावून बघत पुढे जाते.

हल्ली दुपारी ती आईसमोर पेन्सिल घेऊन बसते. रंग नाहीत, ऊन नाही, मिठागरसुद्धा अजून नाही. नुसती तोंडं. म्हातारी खाटेवरून हुकूम सोडते.

"ही मार्था नाय. मार्थाचा दात ओठाच्या पुरं व्हता. आनि अशी रागान नको कारू. ती हसते."

जोविटा ओठ दाबून खोडते आणि परत काढायला घेते.