बशीखालची विमानं

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्या भडगावच्या ट्रॅक्टर गॅरेजात एका डब्यात जुने नट-बोल्ट साठत जातात, तसेच तेही साठतात. माझ्याकडचे किस्से लढाऊ विमानांचे आहेत आणि त्यातले बहुतेक मी वेळेवर न बोलल्यामुळे घडलेले आहेत.

मी नववीत आहे. वर्तमानपत्रांतली कात्रणं जमवून मी मिग-२९, एफ-१६ आणि मिराज यांची तुलना करणारा मोठा तक्ता केला. आमच्या विज्ञानाच्या पाटील बाईंना तो इतका आवडला की त्यांनी तो जळगावच्या प्रदर्शनासाठी निवडला. नंतर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तक्ता जाईलच. दिवाळीपर्यंत चार माणसांसमोर तोंड उघडलंस तर तू बोल, नाहीतर सुनंदा बोलेल."

सुनंदा छान बोलते. फक्त तिला सगळी विमानं हेलिकॉप्टर वाटतात.

* * *

गॅरेज माझ्या वडिलांचं. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, म्हणून आम्हीही भाऊच म्हणतो. ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत लोक बाकावर बसून पेपर वाचतात. एकदा शेजारच्या आबांनी नव्या विमानाचा फोटो बघून विचारलं, "ते इमान लिटरमा कितलं जास?"

मला उत्तर माहीत होतं, पण मी गॅरेज आणि घर यांच्यामधल्या पडद्याआड होते. मी चिठ्ठी लिहिली आणि चहा नेताना ती नानांच्या बशीखाली सरकवली. नाना रोज गॅरेजात येतात. त्यांचा ट्रॅक्टर कधीच बिघडत नाही, कारण त्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही.

नानांनी चिठ्ठी हात लांब करून वाचली, खिशात घातली आणि घसा खाकरला. "आबा, त्याचं लिटरवर मोजत नाहीत. एका मिनिटात किती पितं, असं मोजतात."

"म्हणजे माझ्या जुन्या ट्रॅक्टरसारखंच की."

त्या दिवसापासून नाना आमच्या पेठेतले विमानतज्ज्ञ झाले. मी चहा नेत राहिले.

* * *

एक इंजिन चांगलं की दोन, यावर आठवडाभर वाद चालला. नाना मिगच्या बाजूने होते. "दोन इंजिन शेतस. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता येतं."

भाऊ ट्रॅक्टरखाली आडवे होते. तिथूनच म्हणाले, "समोरचा ट्रॅक्टर एका इंजिनाचा शे. त्याचं इंजिन चालू शे, तरी तो पंधरा दिवसांपासून घरी गेला नाही."

ट्रॅक्टरचा मालक बाकावरच बसला होता. वाद तिथेच संपला.

* * *

घरच्यांसमोर बोलून सराव करावा, म्हणून मी आईला वेग समजावून सांगायला बसले. आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, "आई, ही विमानं आवाजाच्या दुप्पट वेगाने जातात."

"म्हंजे मागून हाक मारी तरी त्यास्ले ऐकू येवाव नही?"

"नाही."

"तुन्हामायकच. तुले बी ऐकू येत नही. कव्हाची म्हणी ऱ्हायनू, पाणी दे."

सराव संपला. मी पाणी दिलं.

* * *

एक दिवस खरोखरच गावावरून एक लढाऊ विमान गेलं. दोन वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. मी धावले, परत येऊन चष्मा घेतला, पुन्हा धावले. तोवर आकाशात फक्त धुराची रेघ उरली होती.

"कोणतं होतं?" आबांनी नानांना विचारलं. नानांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा गप्प राहिला. मग नानांनी स्वतःच्या अकलेने उत्तर दिलं, "कोणतंबी ऱ्हावो. धूर सोडस. रिंगा गयात त्यान्या."

पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ट्रॅक्टरही धूर सोडतो, म्हणून बाकावरच्या सगळ्यांनी होकारार्थी माना हलवल्या. भाऊंनीही हलवली. मला राहवलं नाही. मी चिठ्ठी लिहिली, पण घाईत ती भाऊंच्या बशीखाली गेली: "जेट इंजिनाला पिस्टन नसतो, म्हणून रिंगाही नसतात."

भाऊंनी ती दोनदा वाचली. रात्री जेवताना हळूच म्हणाले, "रिंगा नाहीत, म्हणजे सिलिंडर घासून रिबोअर करणंही नाही. मग तिथला मिस्त्री दिवसभर करतो तरी काय?"

* * *

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली. बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं. मी "सन्माननीय परीक्षक" म्हणाले आणि थांबले. भिंतीवरच्या घड्याळात दोन मिनिटं गेली. मी ती मोजली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मग सुनंदा उठली. माझ्या तक्त्यावर छडी ठेवून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मिग-२९ या विमानाचा वेग आहे, अकरा मीटर!"

तो पंखांचा विस्तार होता. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जळगावला सुनंदा बोलणार आणि मी तक्त्याची गुंडाळी धरणार, असं ठरलं.

* * *

जळगावला आमच्या टेबलासमोर पांढऱ्या मिशांचे एक परीक्षक येऊन उभे राहिले. बाई कुजबुजल्या, "हवाई दलातून निवृत्त झालेत. नीट बोला गं."

सुनंदाने सुरुवात केली. "एफ-१६ हे दोन इंजिनांचं हेलि... विमान आहे."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं. वहीच्या वरच्या बाजूला आमच्या शाळेचं नाव होतं आणि त्याखाली माझं.

"एक," कुणीतरी म्हणालं.

परीक्षकांनी वर पाहिलं. सुनंदाने मागे पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की बोलली ती मीच.

"एकच इंजिन आहे, सर. दोन मिगला असतात. पण मिगचा धूर लांबून दिसतो, म्हणजे शत्रूलाही दिसतो. शिवाय मिग फार लांब जाऊन परत येऊ शकत नाही. एफ-१६ मध्ये वैमानिक थोडा मागे रेलून बसतो, त्याचं कारण असं की..."

परीक्षकांनी वही मिटली. थोड्या वेळाने त्यांनी स्टूल ओढून घेतलं. त्यांच्यासाठी आलेला चहा गार झाला, तो नेऊन दुसरा आणला, तोही गार झाला. शेजारच्या टेबलावरच्या मुलांनी आपला ज्वालामुखी खोक्यात भरला. शिपाई खिडक्या लावू लागला. सुनंदा गुंडाळी बांधायचा दोरा हातात घेऊन उभी होती.

शेवटी बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, पुरे आता. सरांना निकाल लावायचाय. आपली एसटी चुकेल."

मी म्हटलं, "बाई, अजून मिराज राहिलंय."