दोन सीटचं विमान

कुठलंही यंत्र सुरू झालं की आमचे डॉक्टर आधी डोळे मिटायचे. हात वर करून समोरच्याला गप्प करायचे आणि म्हणायचे, "थांब, ऐकू दे." मग ते विमानाचं इंजिन असो, माझ्या गाडीचा हीटर असो, नाहीतर हँगरमधली चहाची किटली. ऐकून झालं की निकाल. "किटलीत चुना साठलाय." उघडून बघावं तर तो साठलेला असायचाच.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. मला आधी वाटायचं, ही म्हातारपणाची लकब. पुढे कळलं की ती नोकरीतली. डॉक्टर सांगलीकडचे, भूलतज्ज्ञ. तरुणपणी इथे, इंग्लंडमध्ये आले आणि सगळी हयात इथल्या ऑपरेशन थिएटरांत काढली. "पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की यंत्राचा सूर उतरतो," ते सांगायचे. "सर्जन त्याच्या कामात, नर्स तिच्या कामात. सूर उतरला की मान वर करायची ती मी."

मी बेसिंगस्टोकला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत काम करते. सुट्टीच्या दिवशी माझा दुसरा उद्योग चालतो. इथे काही हौशी लोक स्वतःची छोटी विमानं स्वतः बांधतात, कोणी गॅरेजमध्ये, कोणी शेतातल्या जुन्या कोठारात, आणि गवताच्या धावपट्टीवरून ती उडवतात. आजूबाजूला कोणती विमानं आहेत आणि पुढे हवा कशी आहे, हे पडद्यावर दाखवणारे छोटे रिसीव्हर मी त्यांना बसवून देते. एका गणपतीच्या जेवणात हे माझ्या तोंडून निघालं आणि शेजारच्या खुर्चीवरचे डॉक्टर वरणभात खायचे थांबले. "म्हणजे तू माझ्याच कामाची आहेस की गं," ते म्हणाले.

त्यांचं विमान पांढरं, दोन सीटचं, शेजारी शेजारी बसायचं. निवृत्त झाल्यापासून ते बांधत होते. बांधून झालं, इन्स्पेक्टरने पास केलं, डॉक्टरांनी ते काही वर्षं एकट्याने उडवलंही. दुसरी सीट रिकामीच राहिली, कारण ती काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची होती आणि काकू बसायला तयार नव्हत्या. भारतात जायचं तरी त्यांना मोठ्या विमानात गोळी घेऊन बसावं लागे.

"आणि यांच्या या डब्यात?" काकू मला म्हणाल्या. "ढगातून कोणी येऊन आदळलं म्हणजे?"

"म्हणून तर हिला बोलावलंय," डॉक्टर म्हणाले. "हे बसलं की आधी कळेल."

"बसवा तर खरं. मग बघू."

ते 'मग बघू' ऐकून डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, जणू लग्नाला होकार मिळाला.

हिवाळाभर विमान हँगरमध्येच होतं आणि आम्ही काम करत होतो. काम वाटतं तेवढं सोपं नाही. अँटेना चुकीच्या जागी लागला तर इंजिन नाहीतर वैमानिकाचं अंगच सिग्नल अडवतं, आणि नेमकं त्याच दिशेचं विमान दिसत नाही. आम्ही तीन जागा बदलल्या. डॉक्टर टॉर्च धरायचे, वायरी बोटांनी चाचपून लावायचे आणि प्रत्येक जोड ओढून बघायचे. "अर्थिंग प्रॉपर झालंय ना?" हा प्रश्न तर रोजचा.

या यंत्राबद्दल डॉक्टरांनी काकूंपासून काही लपवलं नाही. एकदा काकूंनी विचारलं, "म्हणजे यात सगळी विमानं दिसतात?" मी गुळमुळीत काही म्हणणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "नाही. जी सिग्नल पाठवतात तेवढीच. बाकीची डोळ्यांनीच बघायची."

त्याच दिवसांत चहा पिताना त्यांनी मला एका सर्जनची गोष्ट सांगितली. मोठा माणूस, नाव असलेला. हात थरथरायला लागले होते आणि सगळे बघून न बघितल्यासारखं करत होते. एका सकाळी पेशंट टेबलावर असताना डॉक्टर म्हणाले, मी भूल देणार नाही. तेव्हा ते नवखे होते आणि परके. "पुढे वर्षभर माझ्याशी कोणी धड बोललं नाही," ते म्हणाले. "त्या सर्जननेच मग एकदा घरी बोलावलं. बायकोने केक केला होता. केक खाल्ला आणि आलो."

त्या हिवाळ्यात गाडी काकू चालवत आणायच्या. डॉक्टर शेजारी बसून यायचे. स्क्रू उचलताना ते मान जराशी तिरकी करायचे, कोंबडा बघतो तशी. मला यात काही वावगं वाटलं नाही. थंडी होती, माणूस म्हातारा होता.

मार्चमध्ये जमिनीवरची चाचणी घेतली. इंजिन सुरू केलं, रिसीव्हर लागला, पडद्यावर एक हेलिकॉप्टर उमटलं. मी विचारलं, "दिसतंय का डॉक्टर?"

त्यांनी मान तिरकी केली. "दिसतंय. डावीकडे."

ते उजवीकडे होतं.

त्यांना माझं न बोलणं ऐकू आलं असावं. त्यांनी इंजिन बंद केलं.

"अक्षरं मोठी करता येतील?"

"याहून मोठी होत नाहीत, डॉक्टर."

"हं." ते हातातला पाना पुसत बसले. मग म्हणाले, "पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. डोळ्याच्या. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. मला वाटलं होतं, एक उन्हाळा मिळेल."

आमच्या या हौशी उडणाऱ्यांत, आपण ठणठणीत आहोत हे ज्याचं त्यानेच जाहीर करायचं असतं. डॉक्टर गप्प राहिले असते तर त्या उन्हाळ्यात त्यांना कोणी अडवलं नसतं. तेच म्हणाले, "कोणी विचारणार नाही गं. सही केली की झालं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पेशंट निदान झोपलेला असायचा. ही तर शेजारी जागी बसणार. मी बघतोय असं समजून."

काकू डबा घेऊन गाडीतून उतरत होत्या. डॉक्टर त्यांच्याकडे चालत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. काकूंनी डबा गाडीच्या टपावर ठेवला आणि त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं. मग दोघं माझ्याकडे आले.

"आता हे विमान कोण चालवणार?" काकूंनी मला विचारलं.

त्याच हँगरमध्ये मार्गारेटचं विमान असे. भूगोलाची निवृत्त शिक्षिका, उंच, कमी बोलणारी. मी तिचं नाव घेतलं.

"ठीक आहे. मी तिच्याबरोबर जाईन."

"अगं, तुला भीती वाटते," डॉक्टर म्हणाले.

"वाटतेच. पण तुम्ही इतके रविवार या पत्र्यात घातलेत. माझ्या सीटवर कोणीतरी बसायला नको?"

एप्रिलमधला स्वच्छ दिवस मिळाला. मार्गारेटने आधी एकटीने दोनदा फेऱ्या मारून विमान समजून घेतलं. मग डॉक्टरांनी स्वतः काकूंना सीटवर बसवलं, पट्टे हाताने चाचपून आवळले, परत आवळले.

"श्वास तरी घेऊ द्या," काकू म्हणाल्या.

विमान गेलं. डॉक्टर धावपट्टीच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. मी जमिनीवर एक रिसीव्हर लावला होता. त्याचा टॅब्लेट घेऊन मी शेजारी उभी राहिले.

"कुठे आहे?"

"चर्चवरून वळतायत."

"आजूबाजूला?"

"एक ग्लायडर आहे, खूप लांब. सरळ निघून चाललाय."

"ढग?"

"नाहीत, डॉक्टर. मोकळं आहे."

त्यांनी डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवली होती. पेशंटची नाडी बघतात तशी स्वतःची. विमान उतरेपर्यंत ती हलली नाहीत.

काकू उतरल्या. मार्गारेटने त्यांना धरून आणलं. डॉक्टर उठले, पण काही विचारायला धजेनात. काकूच त्यांच्या खुर्चीवर बसल्या.

"आवाज फार करतं तुमचं विमान."

"करतं थोडं."

"आपलं घर दिसलं. पन्हाळीत केवढी पानं साठलीयेत, माणूस बोलवायला पाहिजे." मग म्हणाल्या, "परत येताना मी डोळे गच्च मिटून घेतले होते. मार्गारेट म्हणाली, बघ, तुझा नवरा. बघितलं तर एवढीशी खुर्ची आणि एवढेसे तुम्ही."

"दिसलो?"

"दिसलात की."

डॉक्टर वळून विमानाची चाकं बघायला गेले. बराच वेळ ते चाकांपाशीच वाकलेले होते. आम्ही तिघी चहा पीत राहिलो आणि कोणी त्यांना हाक मारली नाही.

त्या उन्हाळ्यात काकू आणखी काही वेळा गेल्या. भीती गेली असं नाही. दर वेळी निघताना त्या मला म्हणायच्या, "आज शेवटचं हं." आल्यावर मात्र सगळं सांगायच्या, मोहरीची पिवळी शेतं, कालवा, गोल्फ खेळणारी माणसं. डॉक्टर मधेच विचारायचे, "आणि त्याच्या पलीकडे?" पुढे पुढे काकू पलीकडचंही बघून यायला लागल्या.

जानेवारीत डॉक्टर गेले. झोपेतच गेले.

हँगरमधल्या मंडळींनी ठरवलं होतं की मानवंदना म्हणून क्रिमेटोरियमवरून विमानं न्यायची, पुढे डॉक्टरांचं, मार्गारेट चालवणार. त्या दिवशी सकाळपासून ढग झाडांना टेकले होते. आत डॉक्टरांची मुलगी बोलली. ती इथेच जन्मलेली, क्रॉयडनला राहते. तिने मराठीत बोलायचं ठरवलं होतं. "बाबाची हात फार शांत होती," ती म्हणाली. "मला ताप आला की त्याची हात माझ्या डोक्यावर असायची." एरवी काकू तिला प्रत्येक शब्दाला टोकतात. त्या दिवशी त्यांनी तिला बोलू दिलं.

बाहेर आलो तर सगळी विमानवाली माणसं पार्किंगमध्ये उभी. मार्गारेट गाडीने आली होती, बूट चिखलाने भरलेले. पहाटेपासून ती धावपट्टीवर ढग वर जायची वाट बघत बसली होती. ती काकूंपाशी आली आणि म्हणाली, "मला माफ करा. आज जमलं नसतं."

काकूंनी तिचे दोन्ही हात धरले. "बरं केलंस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "अशा ढगांत उडत आली असतीस तर ते रागावले असते."

काही येणार नाही हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. तरी कोणी गाडीत बसेना. म्हातारे वैमानिक, टोप्या हातात घेऊन, त्या राखाडी ढगाकडे बघत उभे होते. काकूही बघत होत्या. बारीक पाऊस पडायला लागला, तेव्हा काकू मुलीला हळूच म्हणाल्या, "चल, सगळ्यांना चहाला घरी ने. मी थोड्या वेळाने येते."