उत्तरांची पानं माझ्याकडे

२०२३ साल. मी बाहत्तर वर्षांचा होतो आणि नातीच्या गणिताच्या पुस्तकातली उत्तरांची पानं माझ्या उशीखाली होती. तिनंच फाडून दिली होती. म्हणाली, "आजोबा, मी कितीही मागितली तरी देऊ नका. गणिताच्या या स्पर्धेची तयारी अशीच करतात. एकच गणित, दोन-दोन दिवस, स्वतःच सोडवायचं." घरात माझ्याएवढा हट्टी दुसरा नाही, हे तिला ठाऊक होतं. मी चौथी शिकलेला, पण शब्द पाळायला तेवढं शिक्षण पुरतं.

स्पर्धेच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती एका वर्तुळाच्या गणितावर अडकली. सकाळपासून तेच. आकृती काढायची, कागद चुरगाळायचा. दुपारी जेवली नाही. चारच्या सुमाराला माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"द्या ती पानं."

"नाही."

"आजोबा, मस्करी नाही करत मी. हे नाही सुटलं तर उद्या जाणारच नाही."

"नको जाऊस. पानं मिळणार नाहीत."

सून स्वयंपाकघरातून आली. "बाबा, द्या ना. आजारी पडेल पोरगी."

मुलानं टीव्ही बंद केला. "बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं? कशाला अडवताय?"

लागलं मला ते. म्हटलं, "कळत नाही म्हणूनच माझ्याकडे दिलीत तिनं. तुझ्याकडे असती तर तू सकाळीच उत्तर सांगून मोकळा झाला असतास."

त्यानं उशीकडे हात नेला. मी उशीवरच बसलो, ठाण मांडून. नात बघत राहिली, हसली नाही. खोलीत गेली आणि दार आपटलं.

उद्या पोरगी खरंच गेली नाही तर या दोघांना तोंड कसं दाखवणार, हे मनात घोळत होतं. पाठ दुखायला लागली. पण उठलो नाही.

दिवेलागणीला दार उघडलं.

"अर्धं आलं."

"आणि पुढचं?"

"नाही येत. पण जिथवर पोचले तिथवर नीट लिहिलं तरी मार्क देतात." मग आईकडे वळून म्हणाली, "भूक लागलीय. आणि उद्याचा डबा लवकर लागेल."

पानं तिनं मागितली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालत होती तेव्हाच मी खाली उतरलो, आमच्या पूनम सागर सोसायटीच्या नाक्यावर रिक्षा थांबवली आणि तिला सोडायला मुलगा यायच्या आधी मीच आत बसून घेतलं. रिक्षावाल्याला म्हटलं, "आराम से चलाना भैया, बच्ची का पेपर है."