झाकणावरचं मीठ

पानवेलींच्या माहीमात जन्मून आयुष्यात एकदाही पान न खाल्लेली, आणि देवळात हातावर तीर्थ पडलं की ते पिण्याआधी त्यात कागदाची पट्टी बुडवून बघणारी बाई अख्ख्या पालघर तालुक्यात एकच आहे, आणि ती माझी आत्या आहे. हे मी अभिमानाने सांगतोय की तक्रार म्हणून, ते माझं मलाही अजून ठरवता आलेलं नाही. आत्याने बोईसरच्या एका शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त होताना शाळेने तिला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पण शाळा सुटली तरी आत्याचा तास काही सुटला नाही. समोरच्या बाकांवर मुलं नसतात, त्या जागी आम्ही असतो, एवढाच काय तो फरक.

आमच्या अंगणातल्या जास्वंदीचं फूल देवापर्यंत क्वचितच पोचतं. वाटेत आत्या उभी असते. ती फुलं उकळते, त्या जांभळट पाण्यात पांढरे कागद भिजवते, सावलीत वाळवते आणि कात्रीने पट्ट्या कापून पर्समध्ये ठेवते. लोकांच्या पर्समध्ये बडीशेप असते, हिच्या पर्समध्ये या पट्ट्या. पट्टी गुलाबी झाली की पदार्थ आम्ल, हिरवी झाली की आम्लारी, आणि होती तशीच राहिली की आत्या नाक उडवून म्हणते, ‘‘उदासीन.’’ माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही शिरगावला गेलो होतो, तेव्हा त्या लोकांनी हौसेने केलेल्या लिंबाच्या सरबतात हिने सगळ्यांदेखत पट्टी बुडवली. पट्टी गुलाबी झाली. मुलीची आई पांढरी पडली. मग आत्या हात धुवायला मोरीत गेली आणि आतून हिरवी पट्टी नाचवत बाहेर आली, ‘‘तुमचा साबण फार कडक आहे हो, मुलीच्या हातांची साल निघेल!’’ मी मनातल्या मनात ते स्थळ सोडून दिलं. पण मुलीने होकार दिला. माझ्याकडे बघून नव्हे, ‘‘घरात तुझी आत्या आहे म्हणून,’’ असं ती मला आजही ऐकवते.

लग्नकार्यात आत्याला बोलावणं आणि न बोलावणं, दोन्ही सारखंच धोक्याचं. सरबताच्या पिंपात आचाऱ्याने साखरेआधी बर्फ टाकलेला दिसला की ती मांडवातून उठते. ‘‘गार पाण्यात साखर विरघळायला वेळ लागतो, हे तुला कोणी शिकवलं नाही का?’’ असं त्याला विचारते, आणि तो जर बोईसरचा असला तर बहुधा तिनेच शिकवलेलं असतं. आमच्या चुलतबहिणीच्या हळदीला तर कहरच झाला. मुंबईच्या विहीणबाईंच्या पांढऱ्या साडीवर हळद सांडली. त्यांनी घाईघाईने साबण लावला, तर डाग लालभडक. ‘‘हळदीत भेसळ आहे, कुंकू मिसळलंय, आमचा अपमान आहे,’’ असा गलका सुरू झाला. आत्या शांतपणे अर्धं लिंबू घेऊन आली आणि डागावर पिळलं. डाग पिवळा. मग तिने पुन्हा साबण लावला, पुन्हा लाल. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळा. थोड्या वेळाने लिंबू विहीणबाईंच्या हातात होतं आणि साबण त्यांच्या जाऊबाईंच्या, दोघी खिदळत होत्या, आणि भटजी मात्र मुहूर्त टळतोय म्हणून एकटेच ओरडत होते.

माणसांच्या बाबतीतही आत्याचं शास्त्र ठरलेलं आहे. ‘‘तीव्र आणि संहत यांची गल्लत करायची नाही,’’ हे वाक्य मी बारशापासून ऐकत आलोय. तिच्या मते माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, हे तीव्र आम्ल आहेत, पण विरल. भरपूर पाणी घातलेलं. अंगावर आलं तरी फार तर कपड्याला भोक पडेल. उलट माझे एक मेहुणे सौम्य आहेत, पण संहत, थेंबभरही पाणी न घातलेले, त्यांच्याजवळ नुसतं बसलं तरी ठसका लागतो. मी बोईसरला चष्म्याचं दुकान चालवतो, कोणाशी भांडत नाही, कोणाला उसनं देत नाही. माझी तिने काय वर्गवारी केली आहे ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

पण तिचा सगळ्यात लाडका नियम निराळाच. आम्ल विरल करायचं असेल तर आम्ल पाण्यात घालायचं, थेंबाथेंबाने, ढवळत. आम्लात पाणी ओतायचं नाही, भसकन उकळून तोंडावर उडतं. तिने शिकवलेली पोरं आज तारापूरच्या कारखान्यांतून कामाला आहेत. बोईसरच्या नाक्यावर आत्या रिक्षाची वाट बघत उभी असली की पलीकडून एखादा दाढीवाला गृहस्थ मोटारसायकल थांबवून ओरडतो, ‘‘मॅडम, पानी में एसिड, धीरे धीरे!’’ आत्या इकडून हात वर करून ओरडते, ‘‘और हिलाते रहो!’’ नाक्यावरच्या नव्या माणसांना हा काहीतरी गुप्त संकेत वाटतो.

या नियमाची खरी परीक्षा मात्र घरातच झाली.

आई गेल्यापासून माहीमच्या घरात बाबा आणि आत्या दोघंच राहतात, मी आणि बायको दुकानामुळे बोईसरला. घरामागे वाडी, वाडीत पानवेली आणि मधोमध विहीर. आजोबांच्या वेळी तिच्यावर रहाट होता. बाबांनी रहाट काढून पंप बसवला तेव्हा आत्या वगळता आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे तो पंप लहान वाटायला लागला म्हणून बाबांनी मोठा आणला, आणि ‘‘तळाचं पाणी थंड आणि चोख’’ अशी त्यांची ठाम समजूत असल्यामुळे पाइप पार तळापर्यंत सोडला. पाणी असं धो धो यायला लागलं की बाबा पाहुण्यांना विहीर दाखवायला घेऊन जायचे. आणि मग हळूहळू पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी तपकिरी, मग वाळून कुरकुरीत. वरणाला उकळी आली तरी डाळ शिजेना. साबणाला फेस येईना. बाबांनी एक दिवस ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

‘‘समुद्र आत आला,’’ बाबा म्हणाले. ‘‘संपलं आपलं.’’

गावात दोघा-तिघांच्या विहिरी तशाच झाल्या होत्या, त्यामुळे कोणी वादही घातला नाही. बाबांनी वेली काढून टाकायचं ठरवलं. वाडी घ्यायला एक माणूस येऊन बघूनही गेला. तो कुंपणापाशी उभा राहून इथे किती बंगले बसतील याचा अंदाज हातवारे करून सांगत होता आणि बाबा त्याला हो हो म्हणत होते. माझ्या बाबांना मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला निमूटपणे हो म्हणताना पाहिलेलं नव्हतं. मला ते बघवेना, म्हणून मी चहा आणायच्या निमित्ताने आत गेलो. आत्या स्वयंपाकघरात बाटलीला दगड बांधत होती.

‘‘पोरा, दोरी धर,’’ ती म्हणाली.

बाटलीच्या तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. बाटली विहिरीत हवी तितकी खोल सोडायची, मग बुचाची दोरी ओढायची, की तिथलंच पाणी आत शिरतं. मी माहीमला आलो की, बाबा दुपारचे झोपल्यावर, आमचा उद्योग सुरू व्हायचा. वरचं पाणी, मधलं पाणी, तळाचं पाणी, असे पेले काठावर ओळीने लागले. मग आत्याने स्वयंपाकघरातली स्टीलची सगळी झाकणं बाहेर आणली, प्रत्येकात एकेक चमचा पाणी घातलं आणि उन्हात ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी दूध उतू गेलं आणि वरणात पाल पडता पडता वाचली, कारण घरातल्या एकाही भांड्यावर झाकण नव्हतं. पण झाकणं वाळली तेव्हा मलाही दिसलं. तळाच्या पाण्याच्या झाकणावर पांढरा जाड थर, मधल्यावर कडेला रांगोळीसारखी रेघ, आणि वरच्यावर जवळजवळ काहीच नाही.

‘‘समुद्र कुठे आलाय?’’ आत्या कुजबुजली. ‘‘समुद्र खालीच होता. तुझ्या आजोबांच्याही वेळी होता. खारं पाणी जड, ते खाली बसतं. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते त्याच्यावर तरंगतं. रहाटाची मडकी वरवरचं पाणी उचलायची. दादाने तळाशी तोंड लावून ओढलं, तेव्हा त्याला काय मिळणार?’’

‘‘मग सांग ना त्यांना!’’ मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. ‘‘आम्लात पाणी ओतू? ‘दादा, वाडी तू मारलीस’ असं सांगू? उद्याच वेली उपटून टाकेल आणि जन्मभर माझ्याशी बोलणार नाही.’’

मग तिने थेंब थेंब सुरुवात केली. एक दिवस जेवताना सहज म्हणाली, ‘‘दादा, रहाट होता तेव्हा पाणी कसं होतं रे?’’ बाबा म्हणाले, ‘‘गोड होतं.’’ विषय संपला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘रहाटाची मडकी किती खोल जायची?’’ बाबा म्हणाले, ‘‘कुठची खोल? वरच्या वर.’’ विषय पुन्हा संपला. मी शनिवारी दुकान बंद करून बोईसरहून आलो तेव्हा ओटीवर बाबांसमोर काचेचा उंच पेला होता. तळाशी मिठाचं पाणी, त्यात जास्वंदीचा रंग, आणि त्यावर आत्याने चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडलेलं साधं पाणी. दोन्ही मिसळलेली नव्हती. खाली जांभळं, वर नितळ. आत्याने पपईचा पोकळ देठ बाबांच्या हातात दिला. ‘‘तळाचं पी.’’

बाबांनी ओढलं आणि अंगणात थुंकले. ‘‘शी! खारट!’’

‘‘आता देठ वर घे. वरचं पी. हळू.’’

बाबा प्यायले. मग त्यांनी देठ पुन्हा थोडा खाली केला, पुन्हा वर घेतला. पेल्याकडे बघत राहिले, मग मान वळवून वाडीकडे. आत्या गव्हातले खडे निवडत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं आता भडका उडणार, म्हणून मी चपला कुठे काढल्यात ते बघून ठेवलं.

‘‘बाय,’’ बाबा म्हणाले, ‘‘आपला पाइप लई खाली गेला हाय काय?’’

‘‘मला काय ठाऊक? मी काय पंपातली हाय?’’ आत्या म्हणाली. ती घरच्या बोलीवर आली की समजायचं, तिला आनंद झाला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वतः विहिरीत उतरले. मोठा पंप काढून जुना, लहान बसवला. पाइपाचं तोंड रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिंपाला बांधलं, म्हणजे पाणी वर-खाली होईल तसं पिंप तरंगत राहील आणि तोंड कायम वरच्याच पाण्यात. सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ, एवढंच ओढायचं. विकत घेणारा माणूस पुन्हा आला तेव्हा बाबांनी त्याला चहा पाजला आणि ‘‘आमी नाय विकत’’ म्हणाले. मग वरवरचं पाणी वेलींना कसं मानवतं ते त्याला समजावून सांगितलं, जणू शोध त्यांचाच. आत्या आतून ऐकत होती. गावात आज तीन वाड्यांमध्ये बाबांचं पिंप तरंगतंय आणि सगळे त्याला बाबांचंच पिंप म्हणतात.

वेली काही एका रात्रीत उभ्या राहिल्या नाहीत. एक पावसाळा जावा लागला, जमिनीतलं मीठ धुऊन निघायला. काही वेली गेल्याच. पण पुढच्या हंगामात जी नवी पानं आली ती कडेपर्यंत हिरवी होती. मी एक पान हातात घेऊन कितीतरी वेळ उभा होतो आणि मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेव्हापासून दर अमावस्येला झाकणं उन्हात ठेवायची, असा आमच्या घरचा रिवाज आहे. सासुरवाडीच्या लोकांना तो कुलाचार वाटतो. पण या वर्षी आत्याला झाकणावरचं मीठ दिसेनासं झालं. जास्वंदीची पट्टी गुलाबी झाली की हिरवी, तेही ओळखू येईना. माझ्या दुकानात तिला बसवलं, तेव्हा काय ते पहिल्याच भिंगाला कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनला तारीख दिवाळीनंतरचीच मिळाली आणि डॉक्टर म्हणतात, स्वच्छ दिसेल.

परवाच्या अमावस्येला मी माहीमला होतो. वैशाखातलं ऊन, विहिरीचं पाणी खाली गेलेलं. आत्या विहिरीच्या काठावर डोळ्यांवर हात धरून बसली होती आणि बाबा तिच्यासमोर झाकण घेऊन. मी मागून बघितलं. झाकणावर यंदा बऱ्यापैकी पांढरं होतं.

‘‘काय दिसतंय, दादा?’’

बाबांनी झाकण या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. ज्या माणसाला आयुष्यात कधी आवाज खाली करून बोलता आलं नाही, तो अगदी हळू म्हणाला, ‘‘मधे स्वच्छ हाय, बाय.’’

‘‘आणि कडेला?’’

‘‘कडेला… जराशी रेघ हाय.’’ थांबले. ‘‘आत पण थोडी आली हाय.’’ पुन्हा थांबले. ‘‘मी उद्यापासून संध्याकाळचा पंप बंद करतो. पाऊस पडला का परत गोड होईल.’’

आत्या हसायला लागली. ‘‘थेंब थेंब सांगतोस, मेल्या?’’

‘‘तूच शिकवलंस,’’ बाबा म्हणाले, आणि तिच्या हाताला धरून तिचं बोट त्यांनी झाकणाच्या कडेवरून फिरवलं, म्हणजे तिला रेघ कळावी.

दिवाळीनंतर आत्याला स्वच्छ दिसायला लागेल. मग ती झाकणं पुन्हा स्वतःच बघेल आणि आम्हा सगळ्यांना नापास करेल. तसंच व्हावं, त्यासाठी मीच तर डॉक्टरांची तारीख घेतली आहे. तरी त्या दुपारपासून मला अधूनमधून वाटतं, दिवाळी अजून थोडी लांब असती तर चाललं असतं.