पहिल्याच हाकेला ओ

देवावर रुसू नये असं आई सांगायची, पण मी रुसलो होतो, अगदी तोंड फिरवून. गावच्या रवळनाथाच्या जत्रेसाठी रजा मागितली होती, ती मिळालीही होती, बहिणीसाठी अत्तर घेऊन ठेवलं होतं. आणि ऐन वेळी आमचे कुवेती मालक कुवेतमधल्या अम्गरा भागातल्या आमच्या शेडमध्ये आले, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जत्रा पुढच्या वर्षी, आधी कॅमेरूनला जाऊन ये." त्यांची आई नुकतीच वारली होती. आईच्या नावाने आफ्रिकेत कुठेतरी पाण्याची सोय करून द्यायची, अशी इथल्या लोकांची रीत आहे. तिथल्या जंगलातल्या एका दवाखान्यासाठी बोअर मारून झाली होती, पण पंप आणि टाकी बसवायला आपलीच माणसं हवीत हा त्यांचा हट्ट. डोळे भरून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? अब्बासियातल्या खोलीवर येऊन देवाच्या फोटोपुढे मात्र मी तणतणलो. म्हटलं, अरे, तुझ्याच जत्रेची वाट तूच अडवलीस? धन्य आहे बाबा तुझी!

सोबत होते दाऊदभाई. रत्नागिरीकडचे, माझ्याच खोलीत राहणारे, आमच्या शेडचे जुने पंपफिटर, वयाने वडील आणि जिभेने तिखट. माझ्या बॅगेत नारळ बघून म्हणाले, "मिस्त्री, तिकडे काय लग्न लावायला चाललास?" मी नारळ टॉवेलात गुंडाळून परत आत ठेवला. काम सुरू करण्याआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्या गावात कोणी कुदळ उचलत नाही. देवावर रुसलो म्हणून रीत थोडीच सोडणार!

कॅमेरूनच्या राजधानीतून निघालो आणि दुसऱ्या दिवशी डांबर संपलं. पुढे नुसती लाल माती, आणि दोन्ही बाजूंना एवढं उंच रान की मान मोडावी. कुवेतच्या वाळूत इतकी वर्षं काढल्यावर आमच्या गावच्यासारखी ती माती पाहून माझे डोळे निवले, खोटं कशाला बोलू. पाऊस पडला की तिथे रस्त्यावर आडवा बांबू टाकतात आणि माती सुकेपर्यंत गाड्या सोडत नाहीत. मग आम्ही आणि आमचा ड्रायव्हर पॉल टपरीवर भाजलेली केळी खात बसायचो. पॉलला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, तेवढ्यावर आमचं भागायचं. घाई नावाची गोष्टच त्या रानात नव्हती.

दवाखान्याच्या गावात कामाआधी एका म्हाताऱ्याने जमिनीवर ताडी शिंपडून आपल्या पूर्वजांची परवानगी मागितली. मग मी नारळ पुढे ठेवला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही, त्याने मान डोलावून मला जागा करून दिली. गाऱ्हाण्याची एक अडचण असते, मागून होकार द्यायला माणसं लागतात. मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां परक्या रानात कामाक इली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा!" आणि मागून दाऊदभाईंनी डोक्यावरची टोपी नीट करत मोठ्यांदा होकार दिला, "व्हय म्हाराजा!" पुढच्या वाक्याला दोनचार पोरं ओरडली, आणि शेवटी शेवटी तर अख्खा गाव, रानात राहणाऱ्या बाका लोकांच्या बायकासुद्धा हसत हसत ओरडत होत्या, व्हय म्हाराजा! पंपाला पाणी लागलं तेव्हाही तीच आरोळी. दाऊदभाई म्हणाले, "तुझी जत्रा इथेच भरली रे."

विपरीत घडलं ते परतीच्या वाटेवर. सकाळपासून दाऊदभाईंना कणकण होती. चिखलात जीप रुतली, पॉलने जोर लावला आणि ॲक्सल तुटला. तो मदत आणायला चालत पुढे गेला. दुपार होईपर्यंत दाऊदभाई तापाने फणफणले, दात वाजत होते, मध्येच लेकीच्या नावाने काहीतरी बरळत होते. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. फोनला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मलेरिया असा बघता बघता माणूस नेतो हे मी ऐकून होतो. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी रवळनाथाला शिव्याच घातल्या म्हणा ना. राखण कर म्हटलं होतं, हीच का तुझी राखण?

आणि तेव्हा खालच्या अंगाने आवाज आला, धुम्म, तक् धुम्म. पखवाज! मी गावच्या भजनात पखवाज वाजवतो, हा आवाज मला झोपेतही कळतो. या रानात पखवाज कुठला? पाठोपाठ लांबून एक हाक आली, उंच, लांबवलेली. मी ओठ घट्ट मिटले. आमच्याकडे लहानपणापासून बजावलेलं असतं की रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, भुतं हाक मारतात. तिसरी हाक आली तरच ते माणूस. दुसरी हाक आली, ती आणखी लांबून. आवाज दूर चालला होता. दाऊदभाईंनी डोळे उघडले.

"कोण तरी हाक मारतोय रे. ओ दे की."

"तिसरी हाक येऊ दे, दाऊदभाई."

"तिसरी येईपर्यंत मी राहतोय काय, मिस्त्री?"

म्हटलं, भूत असो, देव असो, आता तुझ्या हवाली. मी उभा राहिलो, पण कोणत्या भाषेत ओरडणार? तोंडातून आपसूक तेच निघालं, "व्हय म्हाराजाऽऽ!" रान एकदम चिडीचूप झालं. आणि मग खालून, झाडांच्या आतून, कितीतरी बायकांचा आवाज आला, "व्हय म्हाराजाऽऽ!" मी रडायलाच लागलो.

त्या बाका बायका होत्या. ओढ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, ओंजळी आपटून त्या पाणीच वाजवतात. पखवाज तो होता. वर रस्त्यावर येऊन मला ओळखून त्या हसल्या, दाऊदभाईंना पाहून लगेच कामाला लागल्या. सालीच्या दोऱ्यांनी फांद्या बांधून त्यांनी झोळी केली आणि आम्हाला पायवाटेने परत त्याच दवाखान्यात नेलं. गाडीने एवढा वळसा पडला होता, पायवाटेने मात्र दिवस मावळायच्या आत पोहोचलो. नर्सबाईंनी सुई दिली, आणि वर गोळ्या घ्यायला आम्हीच बसवलेल्या पंपाचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी दाऊदभाई उठून बसले आणि टाकीचा नळ करकरतो म्हणून मलाच बोल लावला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

शोधत आलेल्या पॉलकडून मी त्या बायकांना विचारलं, हाक कोणी मारली? त्या म्हणाल्या, आम्ही कोणालाच हाक मारली नाही, गात होतो. त्यांचं गाणं तसंच असतं, हाकेसारखं. असेलही. मी त्याचा कीस काढत बसत नाही. एवढंच कळलं की गाऱ्हाणं घालताना आपण देवाला शंभर कामं सांगतो, पण आपल्या वाट्याचं काम एकच असतं, होकार द्यायचा. वाट अडवली म्हणून मी ज्याच्यावर रुसलो, तो माझ्या आधी पुढे जाऊन त्या ओढ्यात उभा होता, असं मला वाटतं. त्याचे उपकार कशाने फेडू?

दाऊदभाई अजून आमच्याच खोलीत राहतात. शुक्रवारी ते मासे रांधतात आणि स्वयंपाकघरातून ओरडतात, "मिस्त्री, कोकम कुठे ठेवलंस? का तिसऱ्या हाकेची वाट बघतोस?"

मी हातातलं टाकून उठतो. "व्हय म्हाराजा," म्हणतो, "इलंय."