भरवू नका

राजापूरच्या स्टँडवर रत्नागिरीची एसटी लागली, तेव्हा सासूबाईंनी मीराला माझ्याकडं देता देता पुन्हा छातीशी धरलं. "पोरीला रडवायला नेतंस गो," एवढंच म्हणाल्या. यांना आंब्याची बाग सोडून येता येणार नव्हतं. खिडकीतून पिशव्या आत देत ते उभे होते.

मीराला सेरेब्रल पाल्सी. सहा वर्षांची झाली तरी भरवायचं, कपडे घालायचे, उचलून न्यायचं. तेल चोळून पोरीला पळायला लावतो म्हणणारे आम्ही पाहिले होते, त्यामुळं रत्नागिरीच्या थेरपी सेंटरवर माझा विश्वास नव्हताच. तिथली थेरपिस्ट कोल्हापूरकडची, तरुण. मीरा चालेल का विचारलं, तर म्हणाली, आत्ताच सांगता येत नाही. मग घर सोडून आलो कशाला? त्यात सकाळ-संध्याकाळ मला बाहेर बसवायची, आणि आतून मीराचं रडणं ऐकू यायचं.

भाड्याच्या खोलीवर आल्यावर मी तिचे हातपाय उलटसुलट करून बघायची. एकदा नडगीवर लाल वळ दिसला. पाय सरळ ठेवायला बांधतात त्या स्प्लिंटच्या पट्ट्याचा आहे म्हणे. मला पटलं नाही. मीराला खोदून विचारलं, आत काय करतात गं?

"नाय सांगणार," ती म्हणाली.

माझ्यापासून लपवण्यासारखं तिच्याकडं आजवर काहीच नव्हतं. मी यांना फोन करून सांगितलं, परत येते.

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता आत शिरले. मीरा सतरंजीवर बसलेली, डोकं फ्रॉकमध्ये अडकलेलं, हाताला बाही सापडत नव्हती. हुंदके चालू. थेरपिस्ट समोर नुसती बसून. मी धावले आणि फ्रॉक खाली ओढला.

मीरानं माझा हात ढकलला. "मी घालत होते. तुला दाखवणार होते."

तिनं फ्रॉक पुन्हा काढला. त्यालाच किती वेळ गेला. मग परत डोक्यावरून घेतला. थेरपिस्टनं मला बसायची खूण केली. बसून राहणं मला जमत नव्हतं, तरी बसले. शेवटी बाहीतून तिची आखडलेली मूठ बाहेर आली.

परत जायचं मी रद्द केलं. मीरा अजून एकटी चालत नाही. वॉकर धरून मोरीपर्यंत जाते. चमच्यानं जेवते, सांडते.

गणपतीला गावी आलो. तुम्ही सगळ्या दीर-जावांनी तिला हौसेनं कडेवर घेतलंत, भरवलंत. दुसऱ्याच दिवशी ती ताटासमोर नुसतं तोंड उघडून बसली आणि मला माझ्याच घराची भीती वाटली. सेंटरवर मी जो संशय घ्यायची, तो आता मायेच्या प्रत्येक हातावर येऊ लागला. शेवटी सासूबाईंना म्हटलं, "भरवू नका."

त्या दुखावल्या. "माझ्या घरात पोर उपाशी ठेवतंस?"

मीरानं चमचा उचलला. अर्धा भात जमिनीवर. सासूबाईंचा हात पुढं आला, मागं गेला. मग त्यांनी आमटीची वाटी तिच्याजवळ सरकवली आणि थांबल्या.

रत्नागिरीच्या भाड्याच्या खोलीला मी अजून घर म्हणत नाही. पण हात धुवायला न उठता तुम्ही सगळे मीराचं जेवण संपायची वाट बघत बसलात, तेव्हा गावचं घर मला पहिल्यांदा तिचंही वाटलं.