बारीक रेघा

वडील गेल्याची चौकट आज पेपरात आली. तिची मांडणी माझ्या भाच्यानं केली होती. तो मासिकांची मुखपृष्ठं करतो. "फोटो नको मामा, नुसती अक्षरं. क्लासी दिसेल," तो म्हणाला. जाड दांडे आणि केसासारख्या बारीक रेघा. स्क्रीनवर ती अक्षरं फार देखणी दिसली, मी मान डोलावली. छापताना मात्र बारीक रेघा उडाल्या आणि नावाचे नुसते काळे दांडे उरले.

वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाटी झाली की रस्त्यापलीकडे जाऊन डोळे किलकिले करून ती वाचायचे आणि परत येऊन बारीक रेघांवर पुन्हा ब्रश फिरवायचे. लांबून वाचणाऱ्याची एवढी फिकीर त्यांना होती. आम्हाला देखणेपणाची हौस. वाचणारा गेला खड्ड्यात. आणि वर त्यांच्याच मुलानं त्याला मान डोलावली.

दुपारी त्यांच्या जोडीनं पाट्या रंगवणारे म्हातारे काका पेपर घेऊन दारात आले.

"ही काय अक्षरं झाली? कोण गेलंय, नाव लागत नाही," ते तणतणले. "बापाला बोलाव तुझ्या. त्याला दाखवायलाच आणलंय."